आक्काताईची साडी

मोना एसटीतून उतरली तेव्हा दूध संस्थेच्या दारात चार-पाच माणसं बोलत उभी होती. ती तिला बघून गप्प झाली. माणसं अशी गप्प झाली की काय समजायचं, हे मोनाला पाचवीपासून पाठ होतं. आईनं काहीतरी केलं होतं.

शेजारचे आकाराम रिकामी किटली हातात घेऊन पुढं आले. "आलीस व्हय? बरं झालं. घरात जा आदी."

"काय झालंय काका?"

"काय न्हाय. सकाळी तुझ्या आईनं दंगा घातला हितं. म्हणती, दुधात औषध कालवल्यात, पोरं मरतील गावाची. आपली किटली वतली गटारात. ती वतली ते वतली, माझी बी वतली." आकारामांनी किटली या हातातून त्या हातात घेतली. "मी काय बोललो न्हाय बघ. आजारी माणूस हाय. पण सा लिटर दूध हुतं गं."

मोनानं मान खाली घातली आणि चालू लागली. जयसिंगपूरच्या नर्सिंगच्या होस्टेलातून ती पंधरा दिवसांनी एकदा घरी यायची, पण वॉर्डातल्या ड्यूटीमुळं दिवाळीनंतर आज पहिल्यांदाच येत होती. एसटीत बसल्यापासून तिला झोप काढायची होती, पोटभर आमटी-भात खायचा होता, धाकट्या बहिणीची वेणी घालायची होती. एकवीस वर्षांच्या पोरीनं घराकडून आणखी काय मागायचं? पण तेवढंही या घरात कधी वेळेवर मिळालं नव्हतं.

आक्काताई घरापुढच्या सोप्याच्या पायरीवर बसून राखेनं किटली घासत होती. बोटांची सालपटं निघाली होती. चार रात्री झोपली नसावी, डोळे आत गेले होते आणि तोंड चालूच होतं. शेजारी तेरा वर्षांची संयोगिता शाळेच्या ड्रेसवर दुसरी किटली धरून बसली होती. शाळा शनिवारी अकराला सुटते, आता चार वाजले होते.

"आलीस? हात धू," आई म्हणाली. "त्या नळाचं नगं. हंड्यातलं घे. नळात कालवलंय त्यांनी."

"कुणी?"

"तुला ठाव हाय की. इचारतीस कशाला?"

मोना आत गेली. भिंतीतल्या देवळीतला पत्र्याचा डबा तिनं काढला. दिवाळीत ती घरी होती तेव्हा गोळ्यांच्या एकेका पाकिटावर पेनानं तारखा घालून गेली होती, म्हणजे कुणाला चुकायला जागा राहू नये. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी रोज रात्री जेवणानंतर दोन सांगितल्या होत्या. डब्यात चार पाकिटं जशीच्या तशी होती. वरच्या पाकिटावरची तारीख पाच आठवड्यांपूर्वीची.

"संयू, हिकडं ये. आईला गोळ्या कोण देतंय?"

"आबा."

"देत्यात?"

संयूनं राखेनं भरलेले हात ड्रेसला पुसले. "आबा म्हणलं, गोळी खाल्ली की आई आठ वाजल्याबिगर उठत न्हाय. आन् ती उठली न्हाय की चंद्री दूध देत न्हाय. संस्था सातला बंद हुती."

घरात म्हैस एकच, चंद्री. दिवाळी सरता सरता तिचं रेडकू मेलं. तेव्हापासून ती आक्काताईशिवाय कुणाला पान्हा सोडत नव्हती. दुसरा कुणी कासेला बसला की चंद्री दूध वर चढवायची आणि लाथ झाडायची. आक्काताई बसली, पाठीवरून हात फिरवून काहीतरी पुटपुटली, की पाच मिनिटांत धारेची कासंडी भरायची. दीड एकर उसाचं बिल वर्षातून एकदा येतं, मीठ-मिरची चालते ती चंद्रीवर. हे सगळं मोनाला माहीत होतं. तरी तिनं डबा रागानं आपटून बंद केला.

बाळासो तिन्हीसांजेला वैरणीचा भारा घेऊन आला. एके काळचा पैलवान गडी, कान चुरगळलेले, मिशा अजून पिळलेल्या. गावात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे, पैलवानच म्हणत.

"आबा, गोळ्या का बंद केल्यासा?"

"बंद कुटं? जरा कमी केल्या."

"पाच आठवडं झालं. एक गोळी कमी न्हाय डब्यातली."

बाळासोनं भारा टाकला. "तू हितं असतीस काय? गोळी खाल्ली की बाई मढ्यावानी पडती. म्हस वरडून गाव गोळा करती. आन् तसं काय झालंय तिला? जरा बोलती जास्त. बघ तिकडं."

गोठ्यात आक्काताई धारेला बसली होती. दिवसभर नळात विष बघणारी बाई तिथं मात्र शांत होती. खांदे सैल, हात एका लयीत, चंद्री डोळे मिटून रवंथ करत उभी.

"येडी असती तर म्हस जवळ येऊ देती व्हय?" बाळासो म्हणाला. "माणसापेक्षा जनावराला जास्त कळतं."

चंद्रीला काही टोचायचं झालं तर हाच माणूस जनावरांच्या डॉक्टरांना दोनदा फोन करायचा. पान्ह्याची सुई मार म्हणून कुणी सुचवलं तर अंगावर जायचा, म्हशीचं वाटोळं होतं म्हणायचा. बायकोच्या गोळ्या मात्र यानं आपल्या मनानं बंद केल्या. गावात विचारलं कुणी तर सांगायचा, शुगर वाढलीया. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडून गटारात वाहिली तरी याचं तेच.

सोमवारी मोनानं वॉर्डातली ड्यूटी बुडवली. आकारामांचा पुतण्या सयाजी याची गाडी सांगितली आणि आईला म्हणाली, चल, अंबाबाईला जाऊन येऊ. आक्काताईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, ओटीचं सामान घेतलं. बाळासो पुढच्या सीटवर बसला आणि गाव संपेपर्यंत काच वर ठेवली.

शिरोली एमआयडीसीपाशी गाडी ट्रकांच्या रांगेत अडकली तेव्हा आक्काताई एकदम म्हणाली, "देवीला न्हाय चाललो आपण."

मोनानं तिच्याकडं बघायचं टाळलं.

"दवाखान्यात चाललोय. मग खोटं कशाला बोललीस? सगळी खोटी बोलत्यात, तू न्हवतीस बोलत." तिनं ओटीचा नारळ मांडीवरून खाली पायाशी ठेवला आणि काचेकडं तोंड केलं. त्यानंतर ती कोल्हापूर येईपर्यंत बोलली नाही. पाच आठवड्यांत ती पहिल्यांदाच इतका वेळ गप्प बसली आणि ते मोनामुळं. मोनाला वाटलं, खाली उतरून ट्रकांच्या मधून सरळ कुठंतरी चालत जावं.

डॉक्टर बाळासोला चांगलेच बोलले. तो मान हलवत राहिला. सुई झाली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पहिले पंधरा दिवस झोप फार येईल, हात थरथरतील, मग हळूहळू मार्गी लागेल, पण एक दिवसही चुकवायचं नाही. बाळासोनं फक्त एक विचारलं, "सकाळी पाचला उठंल न्हवं ती?"

डॉक्टरांनी त्याच्याकडं बघितलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

मंगळवारी पहाटे आक्काताई उठली नाही. बाळासो धारेला बसला. चंद्रीनं त्याला हुंगलं, कास ताठ केली आणि कासंडीला लाथ घातली. मागचे पाय बांधून बघितले, पुढ्यात पेंड ठेवून बघितली. थानातून चार थेंब आले. दिवस उगवेपर्यंत तिचं हंबरणं साऱ्या आळीनं ऐकलं.

पलीकडच्या चिमणाबाई काठी टेकत आल्या. सत्तरीच्या पुढची बाई, गोठ्यातलं त्यांना सगळं कळायचं. "आरं बाळासो, तुझ्या हाताला व्हय सोडंल ती? आक्काताईची साडी आण. अंगावरची, न धुतलेली. आन् पोरीला नेसव. जनावर वासानं वळखतं."

मोनानं आईची हिरवी साडी नेसली. धारेला बसायची ही ठरलेली साडी, रंग उडालेली, पदराला शेण आणि दूध वाळलेलं. नेसताना तिला आईचा वास आला, घाम, राख आणि खोबरेल. लहानपणी या वासाला ती बिलगून झोपायची, मग याच वासापासून पळायला शिकली होती. ती खाली बसली. चंद्रीनं मान वळवून पदर हुंगला, बराच वेळ हुंगला. मग कास मऊ पडली.

"बघ, सोडला पान्हा," चिमणाबाई म्हणाल्या. "बसलीस तर आगदी आक्काताईच दिसतीस गं. आक्षी तीच."

म्हातारीच्या मनात काही नव्हतं. पण मोनाचा हात थानावर थांबला. गेल्या वर्षी इचलकरंजीचं एक स्थळ याच कारणानं मोडलं होतं. खाण तशी माती, असं त्या लोकांनी मध्यस्थाला सांगितलं आणि मध्यस्थानं ते घरी येऊन, चहा पिता पिता सांगितलं. मोनाला लग्नाची घाई नव्हती. पण त्या दिवसापासून तिला एखादी रात्र झोप आली नाही की ती घाबरायची.

"झालं की मग," बाळासो कासंडी उचलत म्हणाला. तोंडावर किती दिवसांनी हसू आलेलं. "मिटला प्रश्न."

प्रश्न कुणाचा मिटला? मोनाला कॉलेजातून फोन आला, हजेरी आणखी कमी झाली तर परीक्षेला बसता येणार नाही. बुधवारी आला, गुरुवारी परत आला. गुरुवारी संध्याकाळी तिनं वडिलांना समोर बसवलं.

"आबा, उद्या मी जाणार. गोळ्या संयू देईल, मी फोनवर इचारीन. धार तुम्ही काढायची. साडी खुंटीला हाय."

"साडी नेसू व्हय मी?"

"अंगावर टाका नुसती. काय बी करा."

"बरं बरं. बघतो मी. जा तू," बाळासो म्हणाला, आणि त्याच्या त्या बघतोवर मोनानं विश्वास ठेवला, कारण तिला ठेवायचा होता.

आठवडाभर रोज रात्री फोन झाला. गोळी दिली? दिली. तोंड उघडून बघितलंस? बघितलं. झोपली? झोपली. म्हशीचं? "हुतंय," संयू म्हणायची आणि फोन ठेवायची घाई करायची. मोना दमलेली असायची, तिनं खोदून विचारलं नाही. पुढं तिला याच गोष्टीचा राग येणार होता, स्वतःचा.

शनिवारी ती आली. संस्थेच्या दारात माणसं होती, पण बोलत होती. तिला बरं वाटलं. घरात आई सोप्यात भिंतीला टेकून बसलेली, डोळे जड, पण डोळ्यात ओळख होती. "जेवलीस?" तिनं विचारलं. एवढा साधा प्रश्न तिनं दिवाळीनंतर एकदाही विचारला नव्हता. मोनाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती ते लपवायला गोठ्याकडं वळली.

गोठ्यात संयू होती. हिरवी साडी कमरेला दोन वेढे जास्त देऊन खोचलेली, खाली शाळेचा निळा स्कर्ट. ती शेण भरत होती. मनगटं सुजली होती.

"शाळा?"

संयूनं शेणाची पाटी खाली ठेवली. "सकाळी धार काढून संस्थेत जायचं, मग आईला चहा, भाकरी. हुतंय की उशीर. मॅडम वर्गाभाईर उभं करत्यात. म्हणून मग..."

"किती दिवस?"

"सा."

"मला का बोलली न्हाईस?"

"तू आली असतीस," संयू म्हणाली. "मग तुझी परीक्षा."

मोनानं तिच्या कमरेचा ओचा सोडला. वेढे सोडत गेली तशी संयू गोल फिरत गेली, लहानपणी खेळताना फिरायची तशी. साडीचा बोळा घेऊन मोना सोप्यात आली. बाळासो तिथं नुकताच टेकला होता. तिनं साडी त्याच्या पुढ्यात टाकली.

"पोरगीला जमतंय की," बाळासो म्हणाला. आवाज जरा खाली आला होता. "चांगली काढती. तुझ्यापेक्षा बी."

"मला बी जमत हुतं. आईला बी जमत हुतं. जमतंय म्हणून आईच्या गोळ्या बंद केल्यासा. जमतंय म्हणून हिची शाळा. उद्यापास्नं हिनं साडीला हात लावायचा न्हाय. मी बी लावणार न्हाय."

"मग?"

"तुम्ही नेसा."

"गाव हसंल, मोना. तालमीत मातीत लोळलेला माणूस हाय मी. बायकूचं लुगडं नेसून म्हशीखाली बसू?"

"आई गटारात दूध वतत हुती तवा गाव काय रडत हुतं?"

बाळासो उठला. टोपी घातली. "माझ्यानं व्हायचं न्हाय ते," म्हणाला आणि दारात जाऊन पाठमोरा उभा राहिला. बाहेर जावं तर कट्ट्यावर माणसं, आत यावं तर पोरी.

धारेची वेळ झाली. मोना सोप्यात बसून राहिली, संयूचा हात धरून. सव्वापाच झाले, साडेपाच. चंद्री हंबरू लागली. आधी थांबून थांबून, मग सलग. तिच्या कासेतून दूध आपोआप गळायला लागलं की काय, या विचारानं मोनाच्या जिवाचं पाणी होत होतं. मुक्या जनावराचा यात काय गुन्हा? पण आता उठलं तर जन्मभर उठावं लागेल, हेही तिला दिसत होतं. संयू रडवेली होऊन म्हणाली, "दीदी, मी काढते की. एकच डाव." मोनानं तिचा हात आणखी घट्ट धरला. तिला स्वतःचाच संताप आला. म्हशीचे हाल करून बापाला शिकवायची वेळ यावी, असलं कसलं हे घर.

भिंतीशी हालचाल झाली. आक्काताई उठत होती. एक हात भिंतीला, एक गुडघ्याला. साडीपर्यंत आली, वाकली, उचलली. तिचे हात इतके थरथरत होते की साडीचं टोक जमिनीवर घासत होतं.

"आई, तू बस. तुला जमायचं न्हाय आत्ता."

आक्काताईनं आपल्या हातांकडं बघितलं. मग मोनाकडं. गोळ्यांनी जीभ जड झाली होती, शब्द एकेक करून येत होता.

"आज गोळी नगं देऊ मला."

"का?"

"म्हस वरडायली. गोळी न्हाय घेतली की हात सरळ चालत्यात माझं. चार दिस नगं देऊ. पोरीची शाळा बुडती." ती थांबली. "मी येडी झाली तर झाली. मला काय, सवय हाय."

डॉक्टरांनी अर्धा तास सांगितलं, मोनानं स्वतः घसा कोरडा केला, आणि या सगळ्यातून आईला एवढंच कळलं होतं, की घर चालायला कुणीतरी मोडावं लागतं, तर मग तीच मोडलेली बरी.

दारात बाळासोची पाठ हलली. तो वळून आत आला. आक्काताईच्या हातातून त्यानं साडी घेतली, कुणाकडं न बघता.

"बस तू," तो तिला म्हणाला.

साडी नेसायची कशी हे त्याला येत नव्हतं. पॅन्टवरून त्यानं ती लुंगीसारखी गुंडाळली, उरलेली खांद्यावर टाकली. चुरगळलेल्या कानावरून पदर आला. तो गोठ्यात गेला. गोठा रस्त्याला लागून, कमरेएवढी भिंत. संस्थेला जाणारी माणसं किटल्या घेऊन चालली होती. आकाराम थबकले. मागून येणारा सयाजी फिसकन हसला आणि म्हणाला, "काय पैलवान, जत्रेत नाचणार हायसा काय?"

बाळासोचं मानगूट लालबुंद झालं. पण तो बसला. चंद्रीनं पदर हुंगला, मग त्याचं डोकं हुंगलं आणि बाजूला सरकली. त्यानं थान धरलं. लाथ बसली, कोपरावर. कासंडी गडगडत गेली. सयाजी आता उघड हसत होता. आकारामांनी त्याच्या पाठीत एक ठेवून दिली आणि त्याला पुढं ढकलत नेलं.

"न्हाय सोडत," बाळासो म्हणाला. मोनाला वाटलं आता हा उठणार, साडी फेकणार, आणि सगळं होतं तिथं येणार.

आक्काताई संयूच्या खांद्यावर हात ठेवून गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. "नुसतं बसून न्हाय चालत," ती म्हणाली. "बोलाय लागतंय तिच्यासंगं."

"काय बोलू?"

"मी बोलती तसं."

बाळासो कोपर चोळत तसाच बसून राहिला. बावीस वर्षं रोज दोन वेळा त्यानं तिला म्हशीशी पुटपुटताना ऐकलं होतं. गोठ्याच्या दारातून वैरण टाकून जाताना ऐकलं होतं.

"काय बोलतीस तू?" त्यानं विचारलं. "मला ठाव न्हाय."

आक्काताईनं जरा विचार केला. जड जिभेनं, एकेक शब्द करून तिनं सांगितलं. "म्हणा, दमलीस व्हय गं बाय. म्हणा, मी हाय न्हवं."

संयूनं कासंडी उचलून आणली, बाळासोनं ती गुडघ्यात धरली. डोकं म्हशीच्या कुशीला टेकलं, त्यामुळं त्याचं तोंड कुणाला दिसलं नाही.

"दमलीस व्हय गं बाय," तो म्हणाला. आवाज फुटला नाही. परत म्हणाला. "दमलीस व्हय. मी हाय न्हवं."

किती वेळा म्हणाला कुणी मोजलं नाही. मग कासंडीच्या तळाला पहिली धार वाजली. निम्मी बाहेर गेली, निम्मी साडीवर. मोनाला आनंद व्हायला हवा होता आणि तिला नुसता राग येत होता. एवढंच होतं. एवढ्याशा वाक्यासाठी पाच आठवडे, आकारामांचं सहा लिटर, संयूची शाळा आणि आईची अख्खी सुधबुध गेली होती.

"अंगठा आत घ्या," आक्काताई उंबऱ्यातून म्हणाली.

बाळासोनं अंगठा आत घेतला.

जेवणं झाल्यावर मोनानं डब्यातून दोन गोळ्या काढल्या. आक्काताईनं त्या हातावर घेतल्या आणि नवऱ्याकडं बघितलं. बाळासोच्या अंगाला अजून दुधाचा वास येत होता. त्यानं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला. तिनं गोळ्या गिळल्या आणि संयूनं सांगायच्या आधीच तोंड उघडून दाखवलं.